सीटीच्या डायनंतर लगेच दिलेली लघवी: रिपोर्टवर किती विसंबायचं?

सीटी युरोग्राफी (डाय देऊन किडनी-मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन) झाली त्याच दुपारी बाबांची लघवी सायटोलॉजीला (पेशींच्या तपासणीला) दिली, रिपोर्टात 'अटिपिकल', म्हणजे पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या, असं आलं, म्हणजे कॅन्सरच का, असं विचारलंय. तेवढ्यावरून नाही.

शिरेतून दिलेलं आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (हाच तो डाय) किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून पहिले काही तास लघवीत ते दाट असतं. मिठातल्या कैरीसारखं पेशींतलं पाणी ओढलं जातं. पेशी आक्रसते, केंद्रक गडद आणि वेडंवाकडं दिसतं. पॅथॉलॉजिस्ट कॅन्सरसाठी शोधतो तेही जवळपास हेच! जुनी 'आयोनिक' प्रकारची कॉन्ट्रास्ट औषधं विरघळलेल्या कणांच्या हिशोबानं रक्ताच्या सुमारे पाचपट दाट असत. आयोहेक्सॉलसारखी आताची दुप्पट ते तिप्पट. परिणाम कमी, पण शून्य नव्हे.

किडनी ठीक असेल तर 24 तासांत बहुतेक सगळं निघून जातं. डॉक्टरांना विचारून एक-दोन दिवसांनी नमुना पुन्हा द्या. सकाळची पहिली लघवी नको, रात्रभर साचून पेशी खराब होतात, त्यानंतरची चालेल. फोंड्याहून बाटली घेऊन उन्हातनं बांबोळीच्या हॉस्पिटलला जाऊ नका, हॉस्पिटलातच ताजी द्या. फॉर्मवर सीटीची तारीख लिहा. दुर्बिणीची तपासणी झाली असेल किंवा स्टेंट (मूत्रमार्गातली नळी) घातला असेल तर तेही, कारण त्यानं पेशींचे झुबके सुटतात.

आणि लघवीतून रक्त जात असेल तर दुसरा रिपोर्ट चांगला आला तरी सिस्टोस्कोपी (दुर्बिणीनं मूत्राशय आतून बघणं) टाळू नका.