फॉरमॅट करण्याआधी हार्ड डिस्क तपासा

आपल्या वर्णनानुसार घरचा डेस्कटॉप नऊ वर्षांचा आहे, त्यात ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. गेल्या दोन महिन्यांपासून तो मध्येच अर्धा ते दोन मिनिटे गोठतो, त्या वेळी माऊसचा बाण हलतो पण क्लिकचा काहीही उपयोग होत नाही, आणि मग सगळे एकदम सुरळीत चालू लागते. दुकानदाराने फॉरमॅट करून रॅम वाढवण्याचा सल्ला दिला आहे. माझी कळकळीची विनंती आहे की तूर्त फॉरमॅट करू नका.

संगणक संथ चालणे आणि संगणक गोठणे ही दोन वेगळी लक्षणे आहेत. रॅम अपुरी असेल तर संगणक सतत रेंगाळतो, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की अधिकच रेंगाळतो आणि ते बंद केले की थोडा मोकळा होतो. तुमच्याकडे बाण हलत राहतो, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांचे काम चालू आहे; क्लिक केल्यानंतर जी माहिती हार्ड डिस्कवरून यायला हवी, ती येत नाही. त्यामुळे माझा पहिला संशय डिस्कवर आहे.

खात्री करण्यासाठी संगणक सुरू होताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समधील डिस्कचा आलेख समोर ठेवूनच काम करा. एकदा गोठल्यावर ही खिडकी उघडेलच असे नाही. गोठण्याच्या क्षणी डिस्क १०० टक्के दिसली तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण विंडोजचे अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असतानाही तसे दिसते. त्याच्या खालचे दोन आकडे पाहा. डिस्क १०० टक्के व्यग्र आहे, पण वाचनाचा वेग जवळजवळ शून्य आहे आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंदांत गेला आहे, असे चित्र दिसले तर डिस्क एखाद्या खराब जागी अडकली आहे, असे समजावे.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. डेस्कटॉपमधील नेहमीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. एखादे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा माहिती साठवण्याचा छोटा कप्पा, नीट वाचता आले नाही की डिस्क पुन्हा फेरा येण्याची वाट पाहते, पुन्हा वाचते, आणि असे प्रयत्न शेकडो वेळा करते. तोपर्यंत विंडोज थांबून राहते. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता एकसारखा पेटलेला असेल आणि कान जवळ नेल्यावर ठरावीक अंतराने टिक-टिक ऐकू येत असेल, तर ती हीच धडपड असते.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची प्रकृती दाखवणारा मोफत प्रोग्राम चालवून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहा. ०५ मध्ये खराब झाल्यामुळे बदली जागा दिलेल्या सेक्टरांची संख्या असते, सी५ मध्ये वाचताना अडणाऱ्या, निर्णय न झालेल्या सेक्टरांची आणि सी६ मध्ये दुरुस्त न होऊ शकलेल्या सेक्टरांची. सी५ शून्याहून अधिक असेल आणि रोज वाढत असेल तर त्या डिस्कवर विसंबून राहू नये. मात्र सी७ ही ओळ वाढत असेल आणि बाकीच्या शून्य असतील, तर बहुधा दोष साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डाला जोडणाऱ्या केबलचा असतो. ती बदलून पाहणे अगदी स्वस्त आहे.

डिस्क खराब निघाली तर आधी बॅकअप घ्या, आणि तोही क्रमाने: प्रथम फोटो, मग कागदपत्रे, मग उरलेले. एखादे फोल्डर अडले तर तिथेच वाट पाहत बसू नका, ते सोडून पुढचे घ्या. चेक डिस्क या विंडोजमधल्याच सोयीची संपूर्ण तपासणी बॅकअपपूर्वी चालवू नका, कारण ती प्रत्येक सेक्टर वाचायला लावते आणि अशक्त डिस्क त्यातच कायमची बंद पडू शकते. माझ्या मोठ्या भावाच्या संगणकाला नेमके हेच लक्षण होते. दुकानात तो फॉरमॅट करून दिला गेला, आठवडाभर उत्तम चालला आणि एका सकाळी सुरूच झाला नाही. पुतणीच्या बारशाच्या फोटोंची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ती हळहळ आजही आमच्या घरात आहे, म्हणून हा मुद्दा मी इतक्या आग्रहाने मांडतो आहे.

नंतर २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून तिच्यावर विंडोज नव्याने टाका. खराब डिस्कची हुबेहूब प्रत काढण्याच्या भानगडीत पडू नका, कारण बिघडलेल्या फायलीही तिच्यासोबत येतात. विंडोजचे डिजिटल लायसन्स असेल तर ते मदरबोर्डाशी जोडलेले असते, त्यामुळे डिस्क बदलल्याने ते जात नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, तेव्हा आपला प्रोसेसर कोणता आहे हे खर्चाआधीच पाहून घ्या. रॅम ८ जीबी करणे चांगलेच, पण ते एसएसडीनंतर.

डिस्क निर्दोष निघाली तर कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या पंख्याखालची धूळ काढा आणि गोठण्याच्या वेळचे तापमान पाहा; मात्र उष्णतेने संगणक बहुधा मंदावतो किंवा एकाएकी बंद पडतो, दोन मिनिटे थांबून पूर्ववत होत नाही.

त्या तीन ओळींतले आकडे आज आणि चार दिवसांनी पुन्हा टिपून मला कळवा. क्रिस्टलडिस्कइन्फो ते सोळाच्या पायावर दाखवते, त्यामुळे १० दिसले तर ते १६ समजावे. दरम्यान संगणक गरजेपुरताच सुरू करा.