परदेशातून आलेल्या कीटकांचं शरीर नव्या हवामानात खरंच बदलतं का? किती वर्षं लागतात?

हो, बदलतं, आणि कधीकधी २० वर्षांतही. पण एकट्या कीटकाचं नाही. पंख फुटले की त्याची वाढ थांबते. बदल पिढ्यांमधून येतो.

माझं आवडतं उदाहरण ड्रोसोफिला सबऑब्स्क्युरा या युरोपीय माशीचं. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांचीच ही नातलग. १९७८ मध्ये ती चिलीत सापडली, १९८२ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात. युरोपात दक्षिणेकडून थंड उत्तरेकडे जावं तसे हिचे पंख लांब होत जातात. अमेरिकेत पहिल्या दशकात असा फरक दिसला नव्हता. दुसरं दशक संपेपर्यंत माद्यांमध्ये तो जवळजवळ युरोपाइतकाच उमटला. या माश्या प्रयोगशाळेत एकसारख्या तापमानात वाढवून मोजल्या होत्या, म्हणजे फरक आनुवंशिक होता, नुसत्या थंडीचा परिणाम नव्हे.

यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. युरोपात पंखाचा अंगाजवळचा भाग लांबतो, तर उत्तर अमेरिकेत टोकाकडचा! एकूण लांबी तीच, पण तिथे पोचायची वाट निराळी. पिढी काही आठवड्यांत बदलते, म्हणून नैसर्गिक निवडीला, म्हणजे त्या हवामानात जास्त तग धरणाऱ्यांचीच संतती वाढत जाण्याला, हा वेग मिळतो.