साक्ष देण्याची घाई करू नका

ताई, मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, वय 29. गर्दच्या पैशांसाठी दुचाक्या चोरल्या, दोनदा आत जाऊन आलो. तुरुंगात प्रार्थनेसाठी येणाऱ्या मंडळींमुळे प्रभू येशूवर विश्वास बसला. आता जामिनावर आहे, एका गोदामात कामाला लागलो आहे. गर्द बंद आहे. सरकारी रुग्णालयातून जिभेखाली ठेवायची गोळी मिळते. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक वडीलधारे म्हणतात की गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे. येत्या मोठ्या सभेत मी साक्ष द्यावी, म्हणजे मी कसा बदललो ते सर्वांसमोर सांगावे, असाही त्यांचा आग्रह आहे. आई मात्र म्हणते, ‘चोर होतास तेव्हा निदान आमचा तरी होतास.’ मी काय करू?

प्रिय बंधू,

गोळी बंद करू नका. तुम्ही वर्णन केलेली गोळी बहुधा ब्युप्रेनॉर्फिनची असावी. गर्द मेंदूत जिथे परिणाम करते तिथेच ती परिणाम करते, पण नशा न चढवता टर्की, म्हणजे नशा सुटल्यावर होणारा शरीराचा त्रास, आणि तलफ आवरून धरते. ती एकाएकी सोडली तर टर्की पुन्हा सुरू होईल आणि तलफ अनावर होईल. त्याहून मोठा धोका असा की मधल्या काळात शरीराची जुनी सवय मोडत जाते, त्यामुळे एखाद्या वाईट संध्याकाळी पाय घसरला आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून माणूस दगावू शकतो. तुरुंगातून किंवा उपचारातून बाहेर पडलेली अनेक माणसे अशीच जातात. मात्रा कधी आणि किती कमी करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या, आणि अडचण आली तर व्यसनमुक्तीच्या 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. त्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे एवढेच सांगा, की ज्याच्या नावाचे शुभवर्तमान आपण वाचतो त्या लूकला पौलाने ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे.

साक्षीबद्दल माझे मत कदाचित तुमच्या मंडळीला रुचणार नाही. खटला चालू असताना व्यासपीठावरून चोऱ्यांचा तपशील सांगणे धोक्याचे आहे, कारण सभेत दहा मोबाइल चालू असतात आणि पोलिसांबाहेर कोणासमोर दिलेली कबुलीही न्यायालयात पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. जुन्या साथीदारांची नावे ओघात निघाली तर तो वेगळाच ताप. मला त्याहून काळजी वाटते ती टाळ्यांची. ज्याला हजार लोकांनी ‘सुटलेला’ म्हणून पाहिले, तो पुन्हा घसरला तर लाजेने मंडळीतच पाऊल टाकत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला मंडळीची सर्वाधिक गरज असते. खटल्याचा निकाल लागू द्या, उपचार मार्गी लागू द्या, मग हवे तर बोला.

याच लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कयाची गोष्ट आहे. उंबरावरून उतरलेल्या त्या जकातदाराने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. तुम्हालाही परतफेड करावीशी वाटत असेल तर ती वकिलामार्फत करा. दुचाकीमालकाच्या दारात एकट्याने जाऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. एकही तारीख चुकवू नका. वॉरंट निघाले की जामीन धोक्यात येतो.

राहता राहिली आई. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळले, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. त्या पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण त्याला पाच वर्षे लागली, आणि तुमच्या आईनेही तसेच करावे अशी अपेक्षा तुम्ही मुळीच धरू नये. तिच्या देवघराविषयी वाकडा शब्द काढू नका आणि इतर कोणालाही काढू देऊ नका. पगार झाला की बहुतेक रक्कम तिच्या हाती ठेवा. तुमच्या खिशात रोख पैसे असणे अजून काही काळ तुमच्यासाठीही बरे नाही.