आजोबांवर लिहितेयस ना, मग वातींपासून सुरू कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या पुस्तिकेसाठी तू लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं दोनदा वाचलं. राग मानू नकोस, पण त्यात तुझे आजोबा मला कुठे भेटलेच नाहीत. "कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणारे" हे मी पण लिहिलंय, आमचे आबा गेले तेव्हा, नाक्यावरच्या फ्लेक्सवर. खरं तर लिहिलं पण नाही, फ्लेक्सवाल्याकडे मजकूर तयारच होता, त्याने फक्त फोटो आणि नाव बदललं. चौथ्या दिवशी पावसाने फ्लेक्स फाटला तेव्हा लक्षात आलं की त्या चार शब्दांत आबांचं असं काहीच नव्हतं, लालबागमधल्या कुठल्याही म्हाताऱ्याला चिकटवले असते तर चालले असते.

तुझ्या मजकुरात एकच ओळ जिवंत आहे आणि ती तू कंसात टाकलीयस. "(आजोबा आजीपेक्षा चांगल्या फुलवाती वळायचे)". अगं, सुरुवात इथून कर! का वळता यायच्या त्यांना? कारण ते गिरणीत त्रासण खात्यात होते, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. थ्रॉसल नावाच्या जुन्या मशीनवरून गिरणीत त्याचं त्रासण झालं आणि ते नाव कसं फिट बसलं ते तिथे उभं राहिलेल्यांना विचार. मशीनच्या दोन रांगांमधून पूर्ण पाळीभर चालत राहायचं, सूत गुंडाळणाऱ्या शेकडो चात्या गरगर फिरतायत, कुठे धागा तुटला की मशीन न थांबवता दोन बोटांत पकडून पीळ देऊन जोडायचा. हवा मुद्दाम दमट ठेवायचे, कारण कोरड्या हवेत धागा जास्त तुटतो. माणसाचं काय होतं ते कोण बघतंय. मी लहान असताना तुमच्या खोलीत बसलेलो आठवतं, आजोबा रेडिओ ऐकत असायचे आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नुसतीच एकमेकांवर फिरत असायची, हातात काहीच नाही तरी. बघितलंयस का तू ते? शेवटपर्यंत करायचे की नंतर थांबलं? लिही.

तू लिहिलंयस त्यांना दमा होता. असेल. पण सुताच्या गिरणीत कापसाचा धुरळा श्वासातून आत जायचा आणि त्याने छाती धरायची, त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि त्याची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की सुट्टीनंतर पहिल्यांदा कामावर गेलं की त्या दिवशी जास्त धाप लागते. आजीला विचार की रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी त्यांचा खोकला कसा असायचा. "आजोबांची तब्येत कशी होती" असं विचारलंस तर ती "बरी होती हो" म्हणेल आणि विषय संपला.

आजीला फोनसमोर बसवून "सांग ना आजी" करू नकोस, ती गप्प होईल. ती मासे साफ करत असेल, लसूण सोलत असेल तेव्हा शेजारी बसून मदत कर, आणि फोन पालथा घालून रेकॉर्डिंग चालू ठेव, पण तिला सांगून. विचार की पाळी कुठली असायची, रात्रपाळी असली की दिवसा दहा बाय बाराच्या खोलीत पोरं सांभाळून ती त्यांना झोपवायची कशी. बदलीत किती वर्षं होते ते विचार. बदली म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर परत घरी. आणि लग्नाआधी डबा कुठल्या खानावळीचा होता ते विचार, कदाचित आमच्याच आईचा होता.

कागद बघ. आजीच्या ट्रंकेत मनीऑर्डरची कुपनं असणार, लग्नानंतर पहिली काही वर्षं ती गावीच होती ना. खाली निरोपाला एवढीशी जागा असायची, त्यात माणसं अख्खा संसार चालवायची. आमच्या आईकडे एक होतं, "पैसे २० कमी आहेत, गणपतीला भरून काढतो, म्हैस विकू नये." बस, एवढंच. पण आबांचा आवाज ऐकू येतो त्यात. गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जासाठी जपलेले कागद असतील तेही काढ, तिकीट नंबर मिळाला तर नक्की छाप. गिरणीत माणूस नंबराने ओळखला जायचा.

आता अवघड गोष्ट. तू संपाबद्दल लिहिलंयस, "१९८२ च्या ऐतिहासिक संपात आजोबांचाही सहभाग होता." हे कुणी सांगितलं? पप्पांनी? अर्धं खरं आहे. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले, पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना कायम करा म्हणत होते, एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणीचा हक्क देणारा बी.आय.आर. (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायदा रद्द करा म्हणत होते. तुझे आजोबा पण पहिल्या दिवसापासून बाहेर होते. पण संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही आणि घरातले डबे तर रिकामे झाले होते, आणि वर्ष होत आलं तेव्हा एक दिवस ते पोलीस पहाऱ्यात कामावर परत गेले. आमचे आबा गेले नाहीत. दोघं एका बाकावर बसून पत्ते खेळणारे, त्यानंतर नऊ वर्षं बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आले की एकजण भिंतीकडे तोंड करायचा.

मी तुला सल्ला देतोय की हे लिही. पप्पा नको म्हणतील, त्यांच्याशी आधी बोल, चोरून छापू नकोस. पण आजोबा कामावर परत का गेले ते आजीला विचारल्याशिवाय हा भाग लिहायचा नाही. मला माहीत नाही, चाळीत तेव्हा चार कारणं सांगायचे आणि चारही त्यांच्याविरुद्धची होती. पप्पा तेव्हा तान्हे होते एवढं मला आठवतं. पुस्तिकेत त्यांना हिरो करू नकोस आणि त्यांच्या वतीने माफी पण मागू नकोस, त्यांनी मागितली नव्हती.

आणि यात मी पण आहे. मी बारा वर्षांचा होतो. मोठ्यांचं ऐकून ऐकून अंगात आलं आणि एका रात्री खडूने तुमच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं, फूटिर. ते दुसऱ्या पाळीवरून साडेबारा-एकला आले असतील. सकाळी मी नळावर पाणी भरायला गेलो तर दार ओल्या फडक्याने पुसून ठेवलेलं, आणि ते कॉमन गॅलरीत टूथब्रश तोंडात घालून उभे. मला बोलावलं. पळून जावंसं वाटत होतं पण हातात कळशी. चूळ भरली, शांतपणे म्हणाले, "फु पहिला असतो आणि टी दुसरी. शाळेत काय शिकवतात रे?" आणि उंबऱ्याजवळ पडलेला माझा खडू उचलून माझ्या हातात दिला.

एवढंच. आबांना त्यांनी कधी सांगितलं नाही, आईलाही नाही. शाळेत सातवीपर्यंत गेलेले, शुद्धलेखन मात्र पक्कं होतं. हे माझ्या नावासकट छाप, माझी काही हरकत नाही.

रविवारी येतो, आजीला सांग बोंबील मी आणतोय.

तुझा,
तळमजल्यावरचा काका