सहाणेतला दोष: कुठला चालेल, कुठला टाळावा

प्रश्न: वस्तऱ्याला धार लावायला बेल्जियमचा कोटिक्यूल दगड घ्यायचा आहे. 150 × 40 मिमीचा जुना तुकडा बऱ्यापैकी स्वस्त मिळतोय, पण एक कोपरा उडालाय, पृष्ठभागावर काळ्या बारीक रेषा आहेत आणि एका टोकापासून साधारण 20 मिमीवर पांढरी शीर आडवी गेली आहे. घ्यावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर: कोपरा आणि काळ्या रेषा यांची काळजी सोडा. निर्णय त्या पांढऱ्या शिरेवर करायचा.

कोटिक्यूल बेल्जियमच्या आर्देन भागात, व्हीलसाल्मच्या आसपास निघतो. पिवळसर दगडात गार्नेटचे, म्हणजे आपल्या तामड्याचे, काही मायक्रॉनचे कण अभ्रकाच्या मऊ गाऱ्यात बसलेले असतात. धार काढतात ते हे कण. दगडाचा थर पातळ आणि खाली निळसर-जांभळी पाटी, त्यामुळे निर्दोष मोठा तुकडा दुर्मीळ आणि महाग. म्हणूनच विक्रेते ‘सिलेक्ट’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा प्रती लावतात, आणि वेडेवाकडे तुकडे ‘बाउट’ म्हणून वेगळे विकतात. स्टँडर्डमधला फरक बहुतेक वेळा दिसण्यापुरताच असतो. दाढीला देखणेपणाचा उपयोग नाही.

काळ्या रेषा बहुधा मँगनीजच्या असतात. नखाला लागत नसतील तर पात्यालाही लागत नाहीत. टवका उडालेला कोपरा ओल्या 400 नंबरच्या वॉटर पेपरवर 45 अंशांत घासून गोलसर करा. तसेही दगडाच्या चारही कडा 1–2 मिमी मोडून घ्यायच्याच असतात, नाहीतर तिरका हात मारताना पाते कडेवर चढते.

आता ती शीर. पांढरी शीर क्वार्ट्झची असेल, तर ती भोवतालच्या दगडापेक्षा सावकाश झिजते. दगड आज सपाट केला, तरी काही दिवस वापरल्यावर शीर केसभर वर उठते. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली असतात, त्यामुळे हा उंचवटा चुकवता येत नाही आणि धारेला बारीक दाते पडतात. शीर आडवी म्हणजे धारेला जवळपास समांतर, म्हणून हाताच्या प्रत्येक फेरीत धारेचा मोठा भाग तिच्यावर एकदम येतो. उभी शीर त्या मानाने कमी नडते.

तपासायचे असे: दगड ओला करून नख शिरेच्या आडवे ओढा. मग शिवणाची सुई अगदी हलक्या हाताने. दगडावर सुईचा ओरखडा उठतो आणि शिरेवर उठत नाही, तर ती कठीण. शेवटी जुनी चाकूची धार शिरेवरून दहा वेळा फिरवा आणि 10 पटींच्या भिंगाखाली पाहा. वस्तरा ही परीक्षा घ्यायला वापरू नका.

शीर कठीण निघाली तरी तुमचा तुकडा वाया जात नाही, कारण ती टोकाजवळ आहे. तेवढा भाग पाण्याखाली डायमंड ब्लेडने कापून टाकला, तरी सुमारे 130 × 40 मिमी उरतो. वस्तऱ्याला 100 मिमी लांबीही पुरते, हात तेवढे आखूड आणि जास्त मारावे लागतात. हीच शीर मधोमध असती तर घेऊ नका म्हटले असते.

प्रश्न: विक्रेता परदेशात आहे, दगड हातात घेता येत नाही. फोटोवरून काय ओळखता येईल? – एक वाचक, ठाणे

उत्तर: चार फोटो मागा: कोरडा, ओला, बाजूने तिरपा उजेड टाकलेला, आणि कडेने, शेजारी मोजपट्टी ठेवून. ओल्या फोटोत रंग आणि शिरा उठून दिसतात. तडा मात्र पाणी पुसल्यावर कळतो: दगड वाळत असताना तडा काही मिनिटे गडद रेघ म्हणून मागे राहतो. त्याच क्षणाचा फोटो मागितला तर प्रामाणिक विक्रेता देतो.

कडेच्या फोटोत पिवळ्या थराची जाडी मोजा. 5 मिमी असेल तर पुष्कळ. घरच्या वापराने तो आयुष्यभर संपत नाही. 2 मिमी असेल आणि दगड मध्ये खोलगट झाला असेल, तर सपाट करतानाच थर संपेल. खोली कळायला पृष्ठभागावर पोलादी पट्टी उभी ठेवून पलीकडून उजेड दाखवायला सांगा. टिचकी मारून आवाज ऐकण्याची युक्ती खालून आधाराला वेगळी पाटी चिकटवलेल्या दगडावर चालत नाही, तो धड असला तरी बद्द वाजतो.

प्रश्न: दगडात मोहरीएवढा एकच कठीण ठिपका आहे. काही करता येईल का? – एक वाचक, पणजी

उत्तर: हो. डायमंड बरने (ड्रिलला लावायच्या, हिऱ्याचे कण बसवलेल्या बारीक टोकाने) तो पृष्ठभागाखाली अर्धा मिमी खोल कोरून टाका आणि खळग्याच्या कडा मोडा. खड्डा धारेला दुखवत नाही, उंचवटा दुखवतो. मग काचेवर 220, 400, 600 अशा क्रमाने वॉटर पेपर लावून, भरपूर पाणी घालून दगड सपाट करा. आधी पेन्सिलीने चौकटी आखा; सगळ्या एकसारख्या पुसल्या गेल्या की झाले. कोरणे असो वा घासणे, कोरडे करू नका, धूळ फुफ्फुसांना घातक असते.

नंतर कोटिक्यूलच्याच छोट्या तुकड्याने वर सहाणेवरच्या गंधासारखी दुधाळ स्लरी उगाळा. धारेचा उतार आधी 1000 नंबरच्या दगडावर बसवलेला हवा. स्लरीवर दर 20–25 फेऱ्यांनी पाण्याचे एक-दोन थेंब टाकत ती पातळ करत जा, आणि शेवटचे 40–50 हात स्वच्छ पाण्यावर, पात्याच्या वजनापेक्षा जास्त दाब न देता. स्लरी घट्ट ठेवून थांबलात तर धार बोथटसर राहते आणि दोष दगडाला दिला जातो.

प्रश्न: जुन्या कोटिक्यूलची खालची पाटी सुटली. दगड बाद झाला का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. जुना डिंक खरवडून काढा, दोन्ही भाग दोन दिवस वाळवा, संथ सुकणारे इपॉक्सी लावून रात्रभर हलक्या वजनाखाली ठेवा. पुढे दगड पाण्यात बुडवून ठेवू नका. कोटिक्यूल पाणी पीत नाही, वर शिंपडलेले पुरते.