आईने अनुभवलेले दिनमान आणि तुझ्यापुढची शाखानिवड

प्रिय विद्यार्थिनी,

परोपजीवी गांधीलमाशीची मादी आपल्या संततीची हिवाळी सुप्तावस्था कशी ठरवते, यावर पुढे संशोधन करायचे असेल, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी कीटकशास्त्र निवडावे की रेण्वीय जीवशास्त्र, असे तू विचारले आहेस. माझे मत कीटकशास्त्राच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण या विषयातच दडलेले आहे.

माश्यांच्या कोषात अंडी घालणाऱ्या नॅसोनिया व्हिट्रिपेनिस या चिमुकल्या गांधीलमाशीवर डेव्हिड सॉन्डर्स यांनी १९६०च्या दशकात प्रयोग केले, तेव्हा असे दिसले की लहान दिनमानात ठेवलेली मादी आरंभी नेहमीसारखी वाढणारी संतती देते. काही दिवस उलटल्यावर मात्र तिच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर वाढ थांबवून सुप्तावस्थेत जातात. दिवस किती लहान झाला आहे हे आई अनुभवते आणि थांबते ती अळी, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. शिवाय तापमान, आईचे वय आणि तिला यजमान कीटक, म्हणजे अंडी घालण्यासाठी लागणारा कीटक, मिळतो की नाही, यांनीही सुप्तावस्थेत जाणाऱ्या अळ्यांचे प्रमाण बदलते.

नॅसोनियाचा जनुकसंच २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे डीएनएवर मिथाइल गट, म्हणजे जनुकांचे काम बदलू शकणारी छोटी रासायनिक खूण, जोडणाऱ्या विकरांची जनुके मादीत निष्प्रभ केल्यास दिनमानाला मिळणारा प्रतिसाद बिघडतो, हेही दाखवले गेले. त्यामुळे रेण्वीय तंत्रे तुला शिकावीच लागतील, परंतु ती पीएच.डी.च्या काळातही शिकता येतात. याउलट, आईचे वय वा यजमानाचा ताजेपणा नोंदवायचा राहून गेला, तर वयाचा परिणाम जनुकाच्या नावावर जमा होण्याचा धोका असतो, आणि ती दक्षता प्रत्यक्ष कीटकसंगोपनातूनच अंगी बाणते.

नोकरीच्या दृष्टीनेही हे ज्ञान वाया जाणार नाही. पिकांवरील पतंगांची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते, आणि सुप्तावस्थेतील कीटक थंड तापमानात अधिक काळ साठवता येतात.

संख्याशास्त्राकडे मात्र आतापासून लक्ष दे. एकाच आईची चाळीस पिले म्हणजे चाळीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. येथे खरे एकक आई आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात एखादा परोपजीवी कीटक निदान दोन पिढ्या स्वतः वाढवून पाहा आणि प्रत्येक मादीची नोंद वेगळी ठेव. त्या नोंदी घेऊनच मार्गदर्शक निवडायला जा.