ग्रानादाचा एक दिवस: पायांतले बळ कुठे खर्च करावे?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, दोघेही साठी ओलांडलेले, ऑक्टोबरमध्ये स्पेनमधील मलागा येथे मुलीकडे जाणार आहोत. एका सकाळी ग्रानादाला जाऊन तिथला अल्हाम्ब्रा किल्ला पाहावा आणि त्याच संध्याकाळी पुढे कोर्दोबा गाठावे, असा तिचा बेत आहे. जाऊन आलेले परिचित सांगतात, की ग्रानादाचा दिवस फार दमवतो. यजमानांचे गुडघे दुखतात. इतकी दगदग करण्याजोगे तिथे काही आहे का, आणि असल्यास आखणी कशी करावी? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दगदग होईल, हे आधीच सांगते, आणि तरीही अवश्य जा, असेही तितक्याच खात्रीने सांगते. मात्र कोर्दोबाचा बेत त्या दिवसातून काढून टाका आणि रात्रीचा मुक्काम ग्रानादातच करा, कारण हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे आणि त्याचे उत्तम ते सकाळी एका टेकडीवर आणि संध्याकाळी समोरच्या दुसऱ्या टेकडीवर पाहायला मिळते.

अल्हाम्ब्राची तिकिटे कित्येक दिवस आधी काढावी लागतात. ती नावानिशी असतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. तिकिटावर छापलेली वेळ नस्रिद राजवाड्यांत, म्हणजे इथल्या नस्रिद घराण्याच्या मुस्लिम सुलतानांच्या महालांत, प्रवेश करण्याची असते आणि ती चुकली, तर राजवाडे पाहता येत नाहीत. मी स्वतः ती वेळ जवळजवळ गमावली होती. खालून गोमेरेसचा उभा चढ पायी चढून मी वरच्या मोठ्या दरवाजापाशी निवांत थांबले आणि राजवाडे तिथून चांगल्या पाव तासाच्या अंतरावर, आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहेत, हे मला फार उशिरा कळले. धापा टाकत पोहोचल्यामुळे पहिली दोन दालने मी पाहिली असूनही मला ती आठवत नाहीत, याची हळहळ आजही वाटते. आपण तो चढ पायी चढूच नका. शहराच्या मध्यातून लहान लाल बस वर जाते. तिकीट हाती असल्यास न्यायद्वार या १३४८ मधील दरवाजाने आत शिरावे, तिथून राजवाडे जवळ पडतात.

राजवाड्यांत घाई करू नका, दिवसाचे सगळे सार तिथे आहे. सिंहांच्या चौकात १२ संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचे पात्र आहे, भोवती १२४ सडपातळ खांब आहेत, आणि पात्राच्या कडेवर इब्न झमरक या दरबारी कवीची अरबी कविता कोरलेली आहे. काही दालनांच्या खिडक्या फार खाली आहेत असे वाटेल. त्या काळी माणसे जमिनीवरच्या बैठकीवर बसत आणि खिडक्या त्यांच्या नजरेच्या उंचीला बेतलेल्या आहेत. बैठकीची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते चटकन उमगते.

आपण संभाजीनगरच्या आहात, म्हणून पाण्याविषयी थोडे अधिक लिहिते. पाणचक्कीला दूरवरून केवळ उताराच्या बळावर पाणी कसे आणले आहे, हे आपण पाहिलेच असेल. इथेही तीच बुद्धी आहे. तेराव्या शतकात दारो नदी सुमारे ६ किलोमीटर वर अडवून तिचे पाणी राजकालव्याने टेकडीवर आणले गेले, आणि तेच आधी हेनेरालिफेच्या बागेत आणि मग राजवाड्यांच्या हौदांत खेळवले गेले. कालव्याला स्पॅनिश भाषेत आजही ‘असेकिया’ म्हणतात, तो शब्द मुळात अरबी आहे. १४९२ मध्ये शेवटच्या सुलतानाने शहर इसाबेला आणि फर्नांडो या ख्रिस्ती राणी-राजांच्या स्वाधीन केले. राज्य गेले, पण भाषेत हा शब्द राहिला, हे मला फार हृद्य वाटते. हेनेरालिफेत एक जिना आहे, त्याच्या कठड्यांवरच्या पन्हळींतून पाणी वाहते. यजमानांनी तो चढण्याची गरज नाही, खालीच उभे राहून त्या पाण्यात हात बुडवावा.

किल्ल्यातल्या जुन्या गढीच्या बुरुजाचा चढ गुडघ्यांसाठी सोडून द्यावा. सोळाव्या शतकातील सम्राट पाचव्या कार्लोसचा राजवाडा बाहेरून चौकोनी आणि आतून वर्तुळाकार आहे. तिथे दहा मिनिटे पुरतात.

दुपारी मात्र काहीही पाहू नका. जेवून खोलीवर जा आणि दोन तास आडवे व्हा. गावातली पुष्कळ दुकानेही तेव्हा बंदच असतात. संध्याकाळी लहान बसनेच समोरच्या आल्बाइसीन या जुन्या वस्तीत सान निकोलास चौकापर्यंत जा. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. सकाळी ज्यातून आपण फिरलात, तो सगळा किल्ला समोर तांबूस होत जातो आणि मागे सिएरा नेवादाची रांग दिसते. आतून पाहिलेल्या वास्तूचा आकार तेव्हा प्रथमच डोळ्यांत मावतो. परतीच्या गोट्यांच्या फरसबंदीवर उतरताना मात्र यजमानांचा हात धरा.

प्रश्न : अशा धावपळीच्या दिवशी शाकाहारी माणसाने ग्रानादात काय खावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जेवण दुपारी दोननंतर आणि रात्री साडेआठनंतरच मिळते, म्हणून पिशवीत फळे आणि दाणे ठेवा. इथे पेयाबरोबर ‘तापा’ म्हणजे एक लहान पदार्थ फुकट देण्याची रीत आहे, पण त्यात बहुधा मांस किंवा मासे असतात. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’ असे आधीच सांगावे. सकाळी पावावर टोमॅटोचा कीस आणि ऑलिव्ह तेल घालून देतात, त्याने पोट भरते. आणि वांग्याचे तळलेले काप ‘मिएल दे कान्या’ घालून मागवा. त्या शब्दांचा अर्थ उसाचा मध असा असला, तरी ती आपली काकवीच आहे.